चुरीसाहेबांनी वेब लावलं

अंगठा मोठा असणं हा काही गुन्हा नव्हे. हरेश्वर चुरींचा अंगठा त्यांच्या वडिलांकडून आला होता, आणि वडिलांनी त्या अंगठ्यानं वसईकडच्या वाडीत उभं आयुष्य केळीचे घड उतरवले. पण केळीच्या घडाला पुरणारा अंगठा फोनच्या मराठी अक्षरांना पुरत नाही, उलट उरतो. त्यांच्या चुलतभावानं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "गणपतीला येऊ ना?" हरेश्वररावांनी प्रेमानं "नक्की" लिहायला घेतलं आणि गेलं "नको". भाऊ आला नाही. वहिनी तर अजून येत नाही.

ज्या माणसानं एका निमसरकारी कार्यालयाच्या पत्रव्यवहार विभागात सगळी नोकरी काढली, ज्याच्या मसुद्यात साहेबाला एक वेलांटी बदलायची हिंमत झाली नाही, त्याच्यावर ही वेळ यावी! चारकोपच्या त्यांच्या सोसायटीत त्यांना अजून सगळे चुरीसाहेबच म्हणत. आणि साहेबांकडून हल्ली जे संदेश येत ते वाचून लोक शेजारच्या खोलीत जाऊन हसत.

"साहेब, तुम्ही वेब लावा ना," समोरच्या फ्लॅटमधले परेशभाई म्हणाले. परेशभाईंचं स्टेशनरीचं दुकान होतं, पण सल्ल्याचा धंदा त्याहून जोरात चाले. "फोनचा व्हॉट्सअ‍ॅप कॉम्प्युटरवर येते. मोठा कीबोर्ड, मोठा स्क्रीन. आमची भाविका दुकानाचा सगळा काम त्याच्यावरच करते. एकदम इझी."

मोठा कीबोर्ड म्हटल्यावर हरेश्वररावांच्या दहाही बोटांत जीव आला. मुलगा ओजस बंगळूरला गेला तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर मागे ठेवून गेला होता. त्यावर शुभाबाईंनी विणलेला रुमाल होता, रुमालावर फुलदाणी होती आणि फुलदाणीत प्लास्टिकचे गुलाब होते. एका गुरुवारी सकाळी शुभाबाई बोरिवलीच्या बाजारात गेल्या आणि हरेश्वररावांनी फुलदाणी उचलली.

कॉम्प्युटर चालू झाला. कुरकुरला, पण झाला. परेशभाईंनी खुर्ची ओढून ब्राउझर उघडला, काहीतरी टाइप केलं आणि पडद्यावर एक काळा-पांढरा चौकोन आला. मुंग्यांनी सभा भरवावी तसा.

"हे काय बिघडलं?"

"बिघडला नाय साहेब. हाच तर दरवाजा आहे. आता फोन आणा."

दोघा नवरा-बायकोचे फोन फ्रिजवर शेजारी शेजारी चार्ज होत होते. मुलगी गार्गीनं दिवाळीत आईबाबांना सारखे फोन घेऊन दिले होते, सारख्या निळ्या कव्हरात घातले होते, आणि दोघांनाही लक्षात राहावा म्हणून उघडायचा नंबरही सारखाच ठेवला होता. मुलगी हुशार आहे, पण हुशारीलाही कुठेतरी थांबावं लागतं. हरेश्वररावांनी हाताला लागला तो फोन घेतला.

पुढचा बराच वेळ चौकोनाशी झटापट झाली. आधी त्यांनी फोनचं तोंड स्वतःकडे केलं, तेव्हा फोनमध्ये एक घामाघूम झालेला गृहस्थ दिसला. मग त्यांनी चौकोनाचा रीतसर फोटो काढला. परेशभाई म्हणाले, फोटो नाय, स्कॅन. तोवर चौकोन बदलला. "अहो, हा थांबत का नाही?" हरेश्वरराव म्हणाले. "ओळख पटवून घ्यायची तर एका जागी उभं राहायला नको?" परेशभाईंनी भाविकाला फोन लावून सूचना मिळवल्या. तीन टिंबं दाबा, अमुक म्हणतो तिथे जा, हात स्थिर ठेवा. हरेश्वररावांनी श्वास रोखला. फोन थरथरला आणि पडदा हिरवागार होऊन भरून गेला.

हरेश्वररावांनी नकळत पायातल्या सपाता काढल्या.

बोटाएवढ्या काचेत दाबून भरलेलं जग टेबलावर उलगडलं होतं. वायर नाही, गाठ नाही, नुसतं फोननं पडद्याकडे पाहिलं आणि पडद्याला सगळं कळलं. कार्यालयात एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर कागद जायला शिपाई, चहा आणि आठवडा लागायचा. इथे मजकूर हवेतून आला होता आणि त्याची मात्राही हलली नव्हती. परेशभाई दुकान उघडायला गेले तरी हरेश्वरराव पाहतच राहिले.

मग त्यांना दुसरं आश्चर्य दिसलं, आणि ते पहिल्याहून मोठं होतं. डावीकडे संदेशांची रांग लागली होती, ती संपतच नव्हती. त्यांच्या फोनवर एरवी कोण असे? सकाळी सूर्य पाठवणारे दोन निवृत्त सहकारी आणि गॅसची सूचना. आणि इथे कुणी डॉक्टरचं नाव विचारत होतं, कुणी मुलीच्या शाळेबद्दल सल्ला मागत होतं, कुणी नुसतं लिहिलं होतं, "तुमच्यामुळे झालं, विसरणार नाही."

एखाद्या सावध माणसाला इथे शंका आली असती. हरेश्वररावांना फक्त उलगडा झाला. एवढ्याशा फोनमध्ये हे सगळं मावत नव्हतं! मोठ्या पडद्यावर मावलं. इतके दिवस ही माणसं आपल्याला लिहीत होती आणि आपण गप्प बसलो! निवृत्त माणसाची किंमत समाजाला कळत नाही असं ते नेहमी म्हणत. समाजाला कळली होती. फोनला कळली नव्हती.

त्यांनी बाह्या सारल्या आणि कामाला लागले.

पहिला संदेश मथुराचा होता. 'हलवा आलाय झक्कास. सगल्यांचा मिलून आनू का? आज की उद्या?' मथुरा म्हणजे लेखा विभागातली मथुरा हे त्यांनी तत्काळ ओळखलं. बिचारीला टायपिंग तेव्हाही येत नसे. पण निवृत्तीनंतर आठवण ठेवून हलवा पाठवतेय, तोही सगळ्यांसाठी, म्हणजे काय माणुसकी! त्यांनी लिहिलं: 'मागणी मंजूर. सर्व आजच पाठवावा. विलंब नको.'

मग तेजल म्हणून कुणी होती. 'काकू, आजचं भजन माझ्याकडे की सईकडे?' 'काका'चं 'काकू' झालेलं पाहून त्यांना त्या मुलीबद्दल आपुलकीच वाटली, तिचाही अंगठा मोठा असणार. भजनाचं आपल्याला का विचारलं हा प्रश्न त्यांना पडला नाही. ज्येष्ठांना विचारायचं नाही तर कुणाला? 'दोन्ही ठिकाणी घेण्यास हरकत नाही,' त्यांनी कळवलं.

तिसरा संदेश गंधालीचा होता. ही त्यांच्या मेहुणीची मुलगी, जोगेश्वरीला राहणारी. नोकरी करते, हसरी आहे, लग्न ठरलंय, एवढं त्यांना ठाऊक होतं. 'सांगून टाकू का बाबांना? धीरच होत नाहीये.' वरती बराच मजकूर दिसत होता. पण मागचं वाचत बसणं हे कारकुनाचं काम. अधिकारी शेवटचा परिच्छेद वाचतो आणि सही करतो. काय सांगायचंय ते तिचं तिला माहीत. प्रश्न सांगण्याचा होता, आणि उभ्या नोकरीत एकच गोष्ट ते शिकले होते. त्यांनी लिहिलं: 'सदर बाब प्रलंबित ठेवणे इष्ट नाही. आजच सांगावे.'

एकही चूक झाली नाही. दहा बोटं, नवीन कोऱ्या पेटीसारखी चालली. अशी कितीतरी प्रकरणं निकाली काढून त्यांनी फोन परत फ्रिजवर ठेवला, दुपारी शुभाबाईंनी वाढलेला वरण-भात जेवले आणि काम केलेल्या माणसासारखे गाढ झोपले.

त्यामुळे दारात जे झालं ते त्यांना कळलं नाही.

दारात मथुरा आली होती. लेखा विभागातली नव्हे. चारकोप गावातली कोळीण मथुरा, जी कित्येक वर्षं त्यांच्या दारात मासळी आणत होती आणि जिचं नाव हरेश्वररावांनी कधी विचारलं नव्हतं. डोक्यावरून उतरवलेल्या टोपलीत बर्फ होता आणि बर्फात काळा, चकचकीत हलवा, शेपटीला शेपटी लावून.

"गुरुवारचा हलवा?" शुभाबाई म्हणाल्या. "अगं मथुरा, आज कोण घेणार?"

"मना पन तेच वाटला, वैनी. पन तूच लिवलास ना. तू सांगितलास म्हनून आनला." मथुरेनं फोन पुढे केला.

शुभाबाईंनी वाचलं. मग स्वतःचा फोन फ्रिजवरून काढून पाहिला. त्यांच्या नावानं, त्यांच्याच फोनवरून, त्यांनी कधी न लिहिलेली वाक्यं गावभर गेली होती. त्याच वेळी तेजल आणि सई दोघींचे फोन आले. अर्धं भजनी मंडळ पेटीसह एकीकडे बसलं होतं, अर्धं टाळांसह दुसरीकडे, आणि दोन्हीकडे शुभाकाकूंची वाट पाहत होतं. शुभाबाईंनी पुढे सरकवून गंधालीचं नाव उघडलं. ते वाचल्यावर मात्र त्या खुर्चीतच बसल्या.

"अहो, उठा," त्यांनी नवऱ्याला हलवलं. "माझ्या फोनमध्ये कोणीतरी शिरलंय. माझ्या नावानं लिहितंय."

हरेश्वरराव ताडकन उठले. "काय लिहितंय?"

"ते नका विचारू."

ते विचारण्यासारखं नसणार हे त्यांनी ओळखलं आणि त्यांचं रक्त तापलं. "मी आहे ना," ते म्हणाले, आणि इस्त्रीचा शर्ट चढवला.

तोवर जिन्यात सल्लागार मंडळ जमलं होतं. फोन बंद करा. नाही, बंद केला तर तो माणूस आतच राहील. तांदळात पुरा. तांदूळ पाण्यासाठी, चोरासाठी नाही. परेशभाई म्हणाले, "आजकाल फार चालू आहे हा. पोलीस. सीधा पोलीस." आणि ते स्वतः निघाले. मथुरा साक्षीदार म्हणून निघाली, आणि टोपली दारात ठेवली तर मांजरं येतील म्हणून टोपलीही निघाली. रिक्षात मांडी घालायला जागा नव्हती. जन्मात अंडंसुद्धा न पाहिलेले परेशभाई मांडीवर हलव्याची टोपली घेऊन, मान बाहेर काढून, शेजारधर्म पाळत बसले होते.

पोलीस ठाण्यात आधी सांगितलं या खोलीत, मग सांगितलं त्या खोलीत. त्या खोलीत विचारलं, टोपली कुणाची? टोपली बाहेर ठेवण्यावर चर्चा झाली. शेवटी एका टेबलासमोर जागा मिळाली. टेबलामागे तरुण पोलीस अधिकारी बसल्या होत्या, छातीवरच्या पट्टीवर नमिता एवढं वाचता येत होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम," हरेश्वरराव खुर्चीच्या कडेवर येऊन म्हणाले, "माझ्या पत्नीच्या अब्रूचा प्रश्न आहे. सदर इसमाचा तातडीनं शोध व्हावा."

"होईल काका. काय लिहिलंय त्यानं?" त्यांनी शुभाबाईंचा फोन हातात घेतला. "मागणी मंजूर. सर्व आजच पाठवावा. विलंब नको." त्यांच्या भुवया वर गेल्या. "शिकलेला माणूस दिसतोय."

हरेश्वररावांनी मान डोलावली. वाक्य छान होतं. ओळखीचंही वाटत होतं. पण चांगली वाक्यं सारखीच असतात, असं म्हणून त्यांनी मनाला आवरलं.

"दोन्ही ठिकाणी घेण्यास हरकत नाही," नमिता मॅडमनी पुढचं वाचलं. "हे तर ऑफिसच्या कागदासारखं आहे. आणि हे गंधालीला... सदर बाब प्र... प्रलं..."

"प्रलंबित ठेवणे इष्ट नाही," हरेश्वरराव म्हणाले. "आजच सांगावे."

जीभ आवरायला उशीर झाला होता. उभ्या आयुष्यात आपला मसुदा कुणी अडखळत वाचलेला त्यांना सहन झाला नव्हता.

नमिता मॅडमनी फोनकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. शुभाबाईंनी पाहिलं. मथुरेनं कमरेवर हात ठेवून पाहिलं. परेशभाई मात्र छताकडे पाहू लागले, कारण सल्लागारांपैकी प्रकाश आधी त्यांच्याच डोक्यात पडला.

"काका," नमिता मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "काकूंच्या फोनला सकाळपासून एक कॉम्प्युटर जोडलेला दिसतोय. घरी कॉम्प्युटर आहे?"

"आहे," हरेश्वरराव म्हणाले. आवाज दुसऱ्याच माणसाचा होता.

"मग काकू, तक्रार द्यायची आहे का? यांच्याविरुद्ध?"

शुभाबाईंनी विचार करायला जो वेळ घेतला तो हरेश्वरराव जन्मभर विसरणार नाहीत. मग त्या म्हणाल्या, "नको. घरी नेते."

आपल्याला ती कोण वाटली हे हरेश्वररावांनी बाहेर येऊन सांगितलं, तशी मथुरा टोपली उचलून तडकली, "लेखा विभागातली मथुरा! काय रं साहेबा, इतकी वर्सं माजा मावरा खाल्लास!" हरेश्वरराव खाली मान घालून उभे होते. इज्जत गेल्याचं दुःख होतंच. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी हळूहळू वर येत होतं. ती न संपणारी रांग. डॉक्टर विचारणारी, शाळा विचारणारी, विसरणार नाही म्हणणारी ती माणसं. ती सगळी हिची होती. आपण दुपारी झोपतो, पेपर वाचतो, भाजीत मीठ कमी आहे म्हणतो, आणि तेवढ्यात ही बाई स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून अख्ख्या चारकोपचा कारभार बघते. नुसत्या तिच्या नावावर एक कोळीण गुरुवारी टोपलीभर हलवा आणते, दोन घरं सतरंज्या अंथरून बसतात. आणि आपल्याला वाटत होतं ही मैत्रिणींना फुलं पाठवते.

"शुभा," ते रिक्षात म्हणाले, "एवढी माणसं..."

"गप्प बसा," शुभाबाई म्हणाल्या. "गंधालीला तुम्ही काय करायला लावलंत, माहीत आहे? तिला ते लग्न करायचं नाहीये. कितीतरी दिवस ती मला विचारतेय, बाबांना सांगू का. आणि मी म्हणतेय थांब. रतनरावांचा राग तुम्हाला माहीत आहे."

हरेश्वररावांना माहीत होता. रतनराव म्हणजे गंधालीचे वडील, शब्दाचे पक्के आणि तोंडाचे तिखट. स्थळ त्यांच्याच मित्राकडचं होतं, पत्रिका छापायला जायच्या होत्या.

घरी पोचले तेव्हा रतनराव दाराशीच उभे होते. मागे गंधाली, डोळे सुजलेले, पण मान वर.

"हिला हे कोणी शिकवलं?" आत येता येता रतनराव म्हणाले. "आज ऑफिसातून अर्ध्या दिवसात घरी आली आणि म्हणते बाबा, मला हे लग्न नको. आजच कसं सुचलं विचारलं, तर मेसेज दाखवते. कोणी लिहिलं ते?"

खुर्चीत टेकलेले हरेश्वरराव उठू लागले. माणूस पळपुटा नव्हता. "रतनराव, त्याचं असं झालं..."

"मी लिहिलं," शुभाबाई म्हणाल्या.

हरेश्वरराव अर्धे उभे तसेच राहिले.

"तू?" रतनरावांनी मुलीच्या हातातला फोन डोळ्यांजवळ धरला. "सदर बाब प्रलंबित ठेवणे इष्ट नाही. ही तुझी भाषा?"

"इतकी वर्षं यांच्याबरोबर काढली, लागणारच. पण म्हणणं माझं आहे. आजच सांग म्हटलं, कारण उद्या पत्रिका छापल्यावर सांगून काय उपयोग होता? रागवायचं तर माझ्यावर रागवा."

रतनराव कधी शुभाबाईंकडे बघत, कधी मुलीकडे. त्यांना ओरडायचं होतं, पण ओरडायचं कुणावर ते ठरेना. शेवटी ते सोफ्यावर बसले. "नको होतं, तर ठरवताना का नाही बोललीस गं?"

"तुम्ही विचारलंत कुठे, बाबा?" गंधाली म्हणाली. "तुम्ही मला तारीख विचारलीत. सोळा चालेल की तेवीस."

रतनरावांनी खिशातून फोन काढला. मग उठून गॅलरीत गेले आणि दार लोटून घेतलं. काचेतून दिसत होतं, त्यांनी मित्राला फोन लावला होता. आधी ते ताठ उभे होते, मग कठड्याला टेकले, मग एकदा त्यांनी कपाळाला हात लावला. आत आले तेव्हा दमलेले दिसत होते, पण तिखट दिसत नव्हते.

"तो म्हणाला, आता सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "चल गं घरी. आई वाट बघत असेल." दारात गंधालीनं मावशीला मिठी मारली, ती सोडवायला रतनरावांना दोनदा हाक मारावी लागली.

सगळे गेले. शुभाबाई खुर्चीवर टेकल्या. हरेश्वरराव समोर उभे होते, साहेबासमोर उभं राहावं तसे.

"तू का सांगितलंस, तू लिहिलंस म्हणून?"

"मग काय सांगायचं होतं? यांनी न वाचता लिहिलं?" शुभाबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "तेवढं एक वाक्य लिहायला माझा हात धजत नव्हता हो. रोज लिहायला घ्यायचे आणि 'थांब' लिहायचे. तुम्ही बसल्या बैठकीला ठोकून दिलंत. खरं सांगा, वरचं सगळं वाचलं असतंत, तर लिहिलं असतंत?"

हरेश्वररावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले. "थांबावे, असंच लिहिलं असतं."

शुभाबाई हसल्या. दिवसातलं त्यांचं ते पहिलं हसू होतं. मग त्या उठल्या, कॉम्प्युटरसमोर बसल्या, आणि त्या उजळलेल्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "अगंबाई, किती मोठं दिसतं हो! हे असंच राहू दे. मला आवडलं. आणि मागे उभं राहून वाचायचं नाही."

हरेश्वरराव निमूट गॅलरीत गेले. तिथून सेक्टरमधल्या इमारतींचे उजेड एकेक लागताना दिसत होते, आणि त्यातल्या कितीजणांचा कारभार आत खुर्चीवर बसला आहे, याचा त्यांना अंदाज येईना. आतून कीबोर्डचा आवाज येत होता. एका बोटाचा, हळू, मध्येच बराच थांबणारा. शुभाबाई प्रत्येक संदेश आधी पूर्ण वाचत होत्या.